अँटेनावर फुकट टीव्ही आणि डिजिटल रेडिओ: बेळगाव भागात काय काय धरतंय?

टिळकवाडीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा बावळट वाटेल पण विचारतोच. आमचे आप्पा ७६ वर्षांचे, टिळकवाडीतल्या जुन्या घरात एकटेच असतात, मी कामासाठी पुण्यात. गेल्या महिन्यात केबलवाल्याने पॅकेज बदललं, त्यात मराठी चॅनल निम्मे गेले आणि बिल मात्र वाढलं, तर आप्पांनी रागारागात केबलच काढून टाकली. आता संध्याकाळभर बंद टीव्हीसमोर बसून केबलवाल्याला शिव्या घालतात. मग मी ऑनलाईन एक 'एचडी डिजिटल अँटेना' मागवला, कागदासारखा चपटा, खिडकीच्या काचेला चिकटवायचा, ८९९ रुपये. जाहिरातीत लिहिलं होतं की ३०० किलोमीटरवरचे चॅनल फुकट. परवा घरी गेलो तेव्हा लावला, ऑटो स्कॅन मारलं, दहा-बारा मिनिटं पट्टी सरकत राहिली आणि शेवटी शून्य चॅनल. गच्चीवर नेला, तिथेही शून्य. आप्पा म्हणाले, ह्यापेक्षा आपला एरियल बरा होता, निदान मुंग्या तरी दिसायच्या.

बेळगावात अँटेनावर काही येतं का हो, की मी गंडलोय? आणि डिजिटल रेडिओ म्हणून काहीतरी असतं असं वाचलंय, त्याचंही कुणाला माहीत असेल तर सांगा. आप्पांना सकाळी धारवाड आकाशवाणी लागते.

उद्धट_कुंदा
गंडलायस.

शहापूरचा_मिस्त्री
कुंद्या, पोराला नीट सांग की. भावा, ती पट्टी परदेशातल्या लोकांसाठी हाय. तिकडं गावोगावच्या टॉवरवरनं डिजिटल टीव्ही सोडतात, घरात अँटेना लावला की चॅनल येतंय. आपल्याकडं दूरदर्शनचे जुने टॉवर होते ते टप्प्याटप्प्यानं २०२२च्या मार्चपर्यंत बंद केले. काश्मीर-लडाख, सिक्कीम, अंदमान, लक्षद्वीप असल्या सीमेवरच्या जागी पन्नासेक ठेवलेत. सीमेवरच्या म्हटलं म्हणून लगेच हुरळू नका, त्यांच्या यादीत आपली सीमा नाही.

डिजिटलवाले टॉवर २०१६ला चालू केले ते १६ शहरांत. महाराष्ट्रात मुंबई आन् औरंगाबाद, कर्नाटकात एकटं बेंगळुरू. आता बेळगाव ते बेंगळुरू ५०० किलोमीटर, आन् हा सिग्नल सरळ रेषेत जाणारा, साठ-सत्तर किलोमीटरवर दमतोय, मधी डोंगर आला तर त्याच्या आधीच. तवा तुझ्या पट्टीचा काय दोष नाही बघ, हवेतच काय नाही तर ती धरणार काय? मी २६ वर्षं टीव्ही दुरुस्त करालोय, असल्या पट्ट्या घेऊन महिन्याला दोघं-तिघं तरी येतात. मी पैसे न घेता परत पाठवतो.

टिळकवाडीचा_पोरगा
म्हणजे ८९९ गेले. आप्पांना काय सांगू आता.

उद्धट_कुंदा
सांग, अँटेना चांगलाय, टॉवर यायचाय.

निपाणीची_सुमा
एरियलचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या निपाणीच्या घरी कौलांवर एरियल होता, ॲल्युमिनियमच्या आडव्या नळ्या, खाली उतरणारी ती चपटी दोन तारांची वायर. वारं सुटलं की एरियल फिरायचा, मग दादा कौलांवर, मी अंगणात, आई खिडकीत आणि बाबा टीव्हीपुढं. बाबा म्हणायचे "आलं आलं", आई ओरडायची "आलं", मी ओरडायची "आलं", हे वर दादापर्यंत पोचेस्तोवर त्याने अजून चार बोटं फिरवलेला असायचा. गेलं! एकदा माकडांच्या टोळीने अख्खा एरियल मोडून नळ्या शेजारच्या तंबाखूच्या वखारीवर टाकल्या होत्या, त्या दिवशी नेमकी मॅच.

पण त्याच्याही आधीची गोष्ट सांगते. माझं आजोळ विजापूर जिल्ह्यातलं. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत वर्षभर टीव्ही दाखवला होता, कर्नाटकात विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. मामाच्या गावात शाळेपुढं दहा फुटी गोल डिश उभी केलेली, आणि ती कशाची तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची. आजी म्हणायची, एवढी जाळी लावली पण कोंबडी एक नाही. गाव पटांगणात बसून कानडीत शेतीचं बघायचं. वर्ष झालं आणि सगळं गुंडाळून नेलं. माणसं नंतर कित्येक दिवस संध्याकाळी सवयीने तिथं जाऊन बसायची म्हणे.

चंदगडी_काजू
सुमाताई, खुराड्याची जाळी 😄 हे माहीतच नव्हतं.

शहापूरचा_मिस्त्री
ताई, लई भारी लिहिलंय. पोरा, आता मुद्द्याचं. आपल्याकडं फुकट टीव्हीचा अँटेना म्हंजे डिश. डीडी फ्री डिश. २००४च्या डिसेंबरात चालू झाली, तेव्हा नाव होतं डीडी डायरेक्ट प्लस आन् चॅनल होते ३३. डिश, एलएनबी (म्हंजे डिशपुढं सिग्नल धरणारा डबा), बॉक्स, वायर, सगळं मिळून दोन हजारांच्या आत-बाहेर. एकदा दिले की परत महिन्याला रुपाया नाही, कार्ड नाही, केवायसी नाही. सह्याद्री हाय, कानडीतलं चंदना हाय, डीडी न्यूज हाय. खासगी मराठी चॅनल येतात-जातात, त्यांच्या जागेचा लिलाव होतोय, १ एप्रिलला यादी बदलतीय. त्यामुळं अमुकच चॅनल मिळेल असं कोण सांगालाय तर त्याच्याकडनं घेऊ नको. दुकानदार दरमहा काय मागालाय तर तिथनं उठ.

सीमावासी_१९५६
सह्याद्री आणि चंदना शेजारी शेजारी! इथं पाटीवरच्या अक्षरावरून रस्त्यावर यायची पाळी येते आणि वर आकाशात दोघं एकाच उपग्रहावर गुण्यागोविंदाने. खरं तर बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी इथल्या घराघरांत सह्याद्री दिसणं हा काही उपकार नाही, ही आमची भाषा आहे. २००४ पासून सुप्रीम कोर्टात

धागापाल
काका, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, ७४० प्रतिसाद झालेत, तिथे या. इथे अँटेना.

सीमावासी_१९५६
बरं बरं. वाक्य तरी पुरं करू द्यायचं.

पुण्यात_सेटल
एक विचारू का, राग मानू नका. २०२०नंतर टीव्हीची डिश कोण लावतं? डेटा एवढा स्वस्त आहे. सह्याद्री मोबाईलवर दिसतं, प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आहे, रेडिओ ऐकायला न्यूज ऑन एअर आहे, त्यात धारवाडपासून सांगलीपर्यंत सगळी केंद्रं. आजोबांना स्मार्ट टीव्ही घ्या आणि विषय संपवा.

कणकुंबीचा_पाऊस
तुमच्याकडे रेंज आहे म्हणून विषय संपतो हो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर विषय चालू होत नाही. घराच्या मागच्या फणसाखाली उभं राहिलं तर एक कांडी येते, ती पण फोन डाव्या हातात धरला तर. तिथं उभं राहून आईने बातम्या बघायच्या का?

मात्र डिशचंही खरं सांगतो. जांबोटीच्या पुढे जो पाऊस पडतो त्यात डिश पण मान टाकते. ढग दाटून आले की चित्राचे चौकोन, मग आवाज तुटतो, मग निळा पडदा. पाऊस सरला की आपोआप परत. मी ६० सेंटिमीटरची काढून ९० ची लावली, तेव्हापासून जाणं कमी झालंय, पूर्ण थांबलेलं नाही. डिशच्या तोंडावर पोपडी-शेवाळ साचतं ते पावसाआधी पुसून घ्यायचं, आणि एलएनबीच्या जोडाला पाणी शिरू नये म्हणून वायर खाली झोळ देऊन मग वर न्यायची. सरळ आणली तर पाणी वायरीवरूनच घरात येतं, माझा एक बॉक्स असाच गेला.

आप्पांचं वय बघता स्मार्ट टीव्हीचा रिमोट म्हणजे शिक्षा आहे. आमच्या आईने एकदा चुकून कोरियन भाषा लावली होती, दोन दिवस तशीच बघत होती.

पुण्यात_सेटल
कोरियन 😂 बरं, माघार.

टिळकवाडीचा_पोरगा
मिस्त्रीकाका, डिशच लावतो. पण माणूस बोलावला तर तो पुढच्या आठवड्यात येतो म्हणतोय आणि मी शनिवार-रविवारच आहे. स्वतः लावता येईल का?

शहापूरचा_मिस्त्री
येतंय की. उपग्रह जीसॅट-१५, जागा ९३.५ अंश पूर्व. बेळगावातनं बघायला गेलं तर आग्नेयेला, अगदी नेमकं म्हंजे उत्तरेपासनं १२८ अंशावर. फोनातलं होकायंत्र चालतंय, फक्त लोखंडी पत्र्याजवळ धरू नको, खोटं बोलतंय. उंची ६१ अंश. आता इथं सगळी फसतात. ६१ म्हटलं म्हणून डिशचं तोंड आभाळाकडं करून परातीसारखी ठेवतात. आपल्या ह्या डिशा तिरक्या जातीच्या, एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतोय, त्यामुळं डिश दिसायला ३५-४० अंशच मागं कललेली असतीय आन् तरीबी ६१ वर बघालेली असतीय. आधी खांब ओळंब्यात धर. खांब वाकडा असंल तर पुढचं सगळं वाकडं.

बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंग्थ आन् क्वालिटी. स्ट्रेंग्थ बघून नाचू नको, ती नुसत्या एलएनबीलाबी येतीय. क्वालिटी हलली पाहिजे. आन् हळू, डिश एका वेळी बोटभर सरकव, मग बॉक्सला दम दे, मग परत बोटभर. एकदम फिरवलीस तर उपग्रह कधी आला आन् गेला कळत नाही.

आन् सगळ्यात सोपं, खाली उतरून गल्लीतल्या दुसऱ्या डिशा बघ. आपल्या बाजूला दोन-चार तरी फ्री डिशच्या असतात. त्या जिकडं बघतात तिकडंच तूबी बघ.

सौ_मांडे
आमच्या गल्लीत प्रत्येकाची डिश वेगळीकडे बघते, माणसांसारखीच.

तारायंत्र_निवृत्त
मी दळणवळण खात्यात नोकरी केली. एक भर घालतो. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, चार-सहा दिवस, सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चॅनल जातात. तेव्हा मिस्त्रीला फोन करू नका. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे आलेला असतो आणि डिशला उपग्रहापेक्षा सूर्याचाच गलका जास्त ऐकू येतो. सूर्य सरकला की सगळं पूर्ववत.

रेडिओचंही विचारलंत. एके काळी रेडिओ घरात ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागे, दरवर्षी नूतनीकरण. म्हणजे तेव्हा ऐकायलाही फुकट नव्हतं. आता लायसन गेलं आणि ऐकणारेही गेले.

कित्तूर_ते_कॅम्प
डिजिटल रेडिओवर मी सांगतो कारण मला तो अपघातानेच सापडला. मी आठवड्यातून तीनदा गाडीने बेळगाव-धारवाड करतो. नवी गाडी घेतली, रेडिओत एफएम, एएम आणि खाली डीआरएम असं काहीतरी लिहिलेलं. मला वाटलं सर्व्हिसिंगचं काही असेल. एकदा कित्तूरच्या अलीकडे चहाला थांबलो होतो तेव्हा सहज दाबलं आणि धारवाड लागलं. पण कसं! खरखर नाही, शिट्टी नाही, लाटेसारखा कमी-जास्त होणारा आवाज नाही. माणूस शेजारच्या सीटवर बसून कानडीत बातम्या वाचतोय असं. पडद्यावर केंद्राचं नावसुद्धा. चहा गार झाला.

मग शोधलं तेव्हा कळलं की डीआरएम म्हणजेच डिजिटल रेडिओ, आणि आपल्याकडे तो एफएमच्या पट्ट्यात नाही, मीडियम वेव्हवर (एएमवर) आहे. आकाशवाणीने देशभरात पस्तीसेक मीडियम वेव्ह ट्रान्समीटर तसे बसवलेत. आपल्या भागाला जवळचं म्हणजे धारवाड, ७६५ किलोहर्ट्झ, २०० किलोवॉट, आणि घाटाखाली पणजी, १२८७. जुना आवाज ७६५ वर चालूच असतो, डिजिटलचा त्याच्या लगत. मारुती, ह्युंदाई, महिंद्रा यांच्या बऱ्याच गाड्यांत हे आधीपासून असतं आणि मालकाला पत्ता नसतो.

दोष पण सांगतो. लागलं तर एकदम स्वच्छ, नाहीतर शुकशुकाट. खानापूरवरून लोंढ्याकडे उतरताना जंगल सुरू झालं की पूर्ण गप्प. जुना रेडिओ निदान खरखरत का होईना चार शब्द द्यायचा.

टिळकवाडीचा_पोरगा
हे भारीच! मग आप्पांसाठी घरात ठेवायचा सेट मिळतो का?

कित्तूर_ते_कॅम्प
मिळतो, इथल्या दुकानात मात्र मी कधी पाहिला नाही. ऑनलाईन किंमत बघितली आणि गाडीतच ऐकायचं ठरवलं. तेवढ्यात साधे दहा ट्रान्झिस्टर येतील.

उद्धट_कुंदा
मग आप्पांना गाडी घेऊन दे.

उद्यमबागचा_इंजिनीअर_होऊ_घातलेला
माझ्याकडे जुगाड आहे. इंजिनीअरिंगला आहे, शेवटचं वर्ष. पेनड्राईव्हएवढा एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा रेडिओ रिसीव्हर), लॅपटॉप आणि ड्रीम नावाचं फुकट सॉफ्टवेअर, एवढ्यावर धारवाडचं डीआरएम लागतं. फक्त डोंगल मीडियम वेव्ह घेणारा बघून घ्या, साधे डोंगल २४-२५ मेगाहर्ट्झच्या खाली उतरतच नाहीत, मी पहिला चुकीचाच घेतला होता. अँटेना म्हणून गच्चीपासून आंब्यापर्यंत वीस-पंचवीस मीटर साधी वायर.

आठवडाभर डोकं फोडलं, लागेना. पडद्यावर नुसता गोंधळ. मग एका संध्याकाळी लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर होता, आणि धारवाड खाडकन चालू! लाईट आली, परत गेलं. घरातले एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळे मीडियम वेव्हवर कचरा फेकतात. आता आई विचारते, हा अभ्यास करताना मेन स्विच का बंद करतो.

निपाणीची_सुमा
अगदी! आमच्याकडे पूर्वी लाईट गेली की सांगली स्पष्ट लागायचं, १२५१ वर. आम्हाला वाटायचं लाईट गेल्यावर घरात शांतता होते म्हणून ऐकू येतं.

चंदगडी_काजू
आणि रात्री लांबलांबची केंद्रं यायची ते? आमचे आजोबा रात्री अंथरुणात रेडिओ पोटावर ठेवून कुठली कुठली भाषा ऐकत पडायचे.

तारायंत्र_निवृत्त
दिवसा वातावरणाचा एक खालचा थर मीडियम वेव्ह गिळतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याच्यावरच्या थराला आपटून दूरवर उतरतात. आजोबांना सांगा, रेडिओ पोटावर आडवा-उभा फिरवला तर एखादं केंद्र बुडतं आणि दुसरं वर येतं. आत फेराइटची कांडी असते, तिचं टोक केंद्राकडे झालं की ते केंद्र मिटतं. दोन केंद्रं एकमेकांत मिसळत असतील तर नको असलेल्याकडे टोक करायचं.

चंदगडी_काजू
आजोबा २०११ ला गेले काका. पण फिरवायचे ते, बरोबर. आम्ही म्हणायचो काय चाळा लावलाय.

पुण्यात_सेटल
आता म्हणे मोबाईलवर थेट टीव्ही येणार, सिमही नको, डेटाही नको. डी२एम. आयआयटी कानपूरबरोबर चाचण्या चालल्यात, दिल्ली-बेंगळुरूत.

कणकुंबीचा_पाऊस
आला की सांगा. फणसाखाली उभा आहे.

टिळकवाडीचा_पोरगा
रविवार रात्र. हजेरी लावतो.

काल सामान आणलं, १७५० झाले. आज सकाळी आठला गच्चीवर चढलो. पहिल्यांदा डिश परातीसारखीच ठेवली होती, मिस्त्रीकाका, वाचूनसुद्धा. आप्पा खाली बॉक्सपुढे, मी वर, मध्ये जिन्यात शेजारच्या काकू. सुमाताईंचं सगळं तसंच्या तसं झालं, फक्त आता "आलं आलं" फोनवर. दीड तास क्वालिटी शून्य. मग लक्षात आलं, १२८ अंशावर नेमका शेजाऱ्यांचा माड. डिश गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली, खांब ओळंब्यात धरला, बोटभर, दम, बोटभर, दम. आप्पा फोनवर म्हणाले, "चौसष्ट." मी म्हटलं काय चौसष्ट. "क्वालिटी रे. हात काढ आता, लावू नकोस कशाला." बोल्ट आवळताना ती एकसष्टवर आली, तशीच सोडली.

सह्याद्री लागलं. आप्पांनी आधी सगळे चॅनल एकेक करून मोजले. मग रिमोटवर रेडिओचं बटण त्यांनीच दाबलं, मला माहीतच नव्हतं, फ्री डिशवर टीव्हीच्या जोडीला आकाशवाणीची ४८ रेडिओ चॅनल आहेत, त्यात मराठी आहे, कानडी आहे. म्हणजे डिजिटल रेडिओ शोधायला मी सगळं जग पालथं घातलं आणि तो दोन हजारांच्या डिशमध्येच होता. आवाज एकदम स्वच्छ. आप्पांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, रेडिओ ऐकायला एवढा मोठा टीव्ही कशाला जाळायचा. उद्या सकाळी परत ट्रान्झिस्टर आणि धारवाड.

शहापूरचा_मिस्त्री
एकसष्ट लई झालं. पावसाळ्याआधी बोल्टांना ग्रीस लाव.

सौ_मांडे
आणि ती ८९९ची पट्टी?

टिळकवाडीचा_पोरगा
आप्पांनी देवघराच्या खिडकीला लावलीय. कबुतरं येत नाहीत म्हणे.

उद्यमबागचा_इंजिनीअर_होऊ_घातलेला
मिस्त्रीकाका, जुना एरियल कुणाकडे पडलाय का? नळ्या हव्यात, एफएमसाठी डायपोल अँटेना करायचाय, कोल्हापूर १०२.७ धरतं का बघतो.

शहापूरचा_मिस्त्री
माळ्यावर तीन पडलेत. एकाला माकडांनी वाकवलंय, ते सोडून कुठलंबी ने. दुपारी दोन ते चार येऊ नको, झोपतो.